माधवरावांची दहा मिनिटं

स्टोअरमधल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, "आहे का?" आणि दुसरा, "का नाही?" सुदुंबऱ्याजवळच्या एका रबरी सील बनवणाऱ्या कारखान्यात माधवराव शाळिग्राम एकतीस वर्षं या दोन प्रश्नांची उत्तरं देत आले होते. कारखान्यात एखादं भाषण व्हायचं असलं, तर माधवरावांकडून खुर्च्या यायच्या. माईक यायचा. फुलं ठेवायला तबकही यायचं. माधवराव मात्र मागे उभे राहून तबक परत येतंय ना, एवढंच बघत असत.

त्यामुळे मालकांचे चिरंजीव श्रीयश यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून, "काका, लोणावळ्याला कॉन्फरन्स आहे, तुम्ही बोलायचंय," असं सांगितलं, तेव्हा माधवरावांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"बिझनेस कंटिन्युइटी आणि रिस्क मॅनेजमेंट," श्रीयश मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले. "आपल्या मोठ्या गिऱ्हाइकानं विचारलंय, तुमच्याकडे या विषयातलं ट्रेनिंग झालेला माणूस आहे का म्हणून. एक दिवस जायचं, सर्टिफिकेट घेऊन यायचं. आपल्याला दहा मिनिटं दिलीत. बारा दहा ते बारा वीस. विषय 'लघुउद्योगातील सज्जता.' काहीही बोला."

यातलं 'काहीही' हे माधवरावांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. 'बोला' तेवढं पोचलं. स्टोअरमध्ये परत येताना त्यांची चाल बदलली होती, असं पुढे बरेच जण म्हणाले.

घरी, तळेगावात, त्यांनी ही बातमी जेवताना सांगितली. प्रमोदिनीबाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "म्हणजे काय असतं ते?"

"समज, संकट आलं. तरी काम थांबता कामा नये. त्यासाठी आधीपासून तयारी करून ठेवायची."

"पाहुणे येणार म्हणून आपण दळण आणून ठेवतो, तसं?"

"इतकं सोपं नसतं ते!"

"मग ते अवघड करायला लोणावळ्याला जातात का?"

माधवरावांनी भात कालवला आणि विषय बदलला. मोठ्या कामाला निघालेल्या माणसानं घरात वाद घालू नये.

त्यांची मुलगी आसावरी पुण्यात नोकरी करते. तिनं तीन रविवार खर्चून बापाला स्लाईड करून दिल्या. माधवरावांना प्रत्येक स्लाईडवर कारखान्याचं बोधचिन्ह, तारीख, पान क्रमांक आणि कोपऱ्यात एक छोटी छत्री हवी होती. छत्री म्हणजे संरक्षण. दहा मिनिटांसाठी एक्केचाळीस स्लाईड झाल्या. "बाबा, एका स्लाईडला पंधरा सेकंदसुद्धा येत नाहीत," आसावरी म्हणाली. माधवराव म्हणाले, "मी भरभर बोलेन."

शेजारच्या अमृतरावांना हे कळल्यावर तयारीला निराळंच वळण लागलं. अमृतराव देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झाले होते आणि त्यांचा प्रत्येक सल्ला "आमच्या डेपोत एकदा" असा सुरू व्हायचा. मग ते डावीउजवीकडे बघायचे, आवाज उतरवायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या. ते सांगता येत नाही." गेली नऊ वर्षं शेजारी राहूनही त्या डेपोत एकदा काय झालं होतं हे माधवरावांना कळलेलं नव्हतं. पण जे झालं ते भयंकर होतं, याबद्दल मात्र खात्री पटलेली होती.

"पेन ड्राईव्ह कुणाच्या हातात द्यायचा नाही," अमृतराव म्हणाले. "अंगावर ठेवायचा. आपली वेळ आली की स्वतः जाऊन लावायचा. आमच्या डेपोत एकानं दिला होता दुसऱ्याच्या हातात."

"मग?"

"मग काय? तो आता डेपोत नाही."

आता अमृतरावही डेपोत नव्हते, पण माधवरावांना ते सुचलं नाही. पेन ड्राईव्ह पँटच्या आतल्या खिशात गेला आणि खिशाला सेफ्टीपिन लागली. शिवाय पिशवीत दोन छत्र्या (एक उलटली तर), बॅटरी, शिट्टी, एक्केचाळीस स्लाईडची छापील प्रत आणि थेपले.

तळेगाव ते लोणावळा हे अंतर ते काय! पण माधवरावांनी तीन योजना आखल्या. पहिली लोकल, ती नसेल तर एसटी, तीही नसेल तर अमृतरावांच्या मेव्हण्याची गाडी. शुक्रवारी पहाटे साडेपाचला ते घराबाहेर पडले आणि पहिलीच योजना यशस्वी झाल्यामुळे साडेनऊच्या परिषदेला सात वाजून पाच मिनिटांनी हजर झाले. रिसॉर्ट लोणावळ्याबाहेर, पवनेकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. धुकं इतकं दाट की गेट सापडलं, पण रिसॉर्ट सापडायला आणखी पाच मिनिटं लागली. रखवालदारानं त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. त्यामुळे संकोचून माधवरावही उभे राहिले. साडेनऊपर्यंत रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना दोघंही उभेच होते.

परिषद सुरू झाली तशी माधवरावांची छाती भरून आली. शंभरेक माणसं, कोट, गळ्यात बिल्ले, समोर केवढा तरी पडदा. संयोजिका कोमल मॅडम एकाच वेळी तीन जणांशी बोलू शकत होत्या. पहिल्या वक्त्यानं 'रेझिलियन्स' हा शब्द सदतीस वेळा उच्चारला. माधवरावांनी वहीत रेघा मारून मोजला. स्टोअरची सवय. तो म्हणाला, "क्षणोक्षणी स्वतःला विचारा, व्हॉट इफ?" माधवरावांनी 'व्हॉट इफ' लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि सेफ्टीपिन चाचपली. जागेवर होती.

दुसरे वक्ते आले. त्यांनी पडद्यावर एक मोठा पेटलेला दिवा दाखवला आणि धीरगंभीर आवाजात म्हणाले, "हा दिवा आपण गृहीत धरतो."

आणि सगळे दिवे गेले.

मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. मग सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. असं जिवंत प्रात्यक्षिक कुणी पाहिलेलं नव्हतं. वक्त्यांनीही अंधारात किंचित मान लववली, म्हणे. दिवे यायची वाट बघत सगळे कौतुकानं बसून राहिले. चार मिनिटं गेल्यावर कुणीतरी विचारलं, "खरंच गेलेत का हो?"

खरंच गेले होते. खाली रस्त्याला झाड पडलं होतं आणि तारा घेऊन पडलं होतं. वीज कार्यालयातून निरोप आला, संध्याकाळपर्यंत होईल.

आता विचार करा, संकटकाळी काय करावं हे ज्यांच्या चरितार्थाचं साधन, अशी शंभर माणसं एका अंधाऱ्या खोलीत. तिथल्या तिथे आपत्कालीन प्रतिसाद समिती स्थापन झाली. समितीत ताबडतोब दोन तट पडले. घडलेल्या प्रकाराला 'घटना' म्हणायचं की 'संकट', यावर एकमत होईना. घटना असेल तर मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावरची कृती, संकट असेल तर चौथ्या.

तोवर रिसॉर्टचे मॅनेजर प्रज्ञेश धावत आले. तरुण, नीटनेटके आणि घामेघूम.

"जनरेटर आहे सर. नवीन आहे. मोठा आहे. पण त्या खोलीला कुलूप आहे."

"मग उघडा," माधवराव म्हणाले. ते दाराशेजारीच बसले होते.

"किल्ली हौशीरामकडे असते."

"त्याला बोलवा."

"रजेवर आहे सर. भाताची आवणी, म्हणजे लावणी, चाललीय त्याची, तिकोणा पेठेला. फोन लागत नाही."

"दुसरी किल्ली?"

"आहे ना सर! एकदम सुरक्षित ठेवलीय."

"कुठे?"

प्रज्ञेश यांनी घाम पुसला. "जनरेटरच्या खोलीत."

कुलूप तोडायला मालकांची लेखी परवानगी लागत होती. मालक विमानात होते. मागे डिझेल चोरीला गेल्यापासून हा नियम झाला होता आणि नियमाची चौकट करून ती प्रज्ञेश यांच्या टेबलामागे लावलेली होती.

कोमल मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं की पडद्याची भाषणं रद्द. सगळ्यांनी व्हरांड्यात बसून गटचर्चा करायची. मग त्या माधवरावांकडे वळून गोड हसल्या. "शाळिग्राम सर, तुमचं प्रेझेंटेशन आम्ही सगळ्यांना मेल करू हं."

मेल करू! एकतीस वर्षांनी आलेली दहा मिनिटं, आणि ती मेल करणार! गटचर्चेत आपल्याला कुणी बोलू देणार नाही हे माधवरावांना पक्कं ठाऊक होतं. ते अशा माणसांपैकी होते, ज्यांनी तोंड उघडलं की नेमका चहा येतो.

"तिकोणा पेठ?" त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "मी जाऊन घेऊन येतो किल्ली."

टाळ्या झाल्या. समितीनं त्यांना 'फील्ड टीम' असं नाव दिलं आणि दर पंधरा मिनिटांनी अहवाल द्यायला सांगितलं.

रिसॉर्टची भाजी आणायची जीप होती, तिचे चालक कोंडाजी. साठीचे, डोक्याला टॉवेल, मिशा पांढऱ्या. जीपमध्ये कोथिंबिरीचा वास आणि एक वायपर. तो वायपर माधवरावांच्या बाजूचा होता.

"तुम्हाला दिसतं का हो?" दुधिवरे खिंडीच्या चढाला माधवरावांनी विचारलं. समोर नुसतं पांढरं होतं.

"न्हाई की," कोंडाजी म्हणाले. "पर रस्ता वळकीचा हाय. आन समोरनं कोन आलं की आवाज येतोय."

माधवरावांच्या मनात 'व्हॉट इफ' सुरू झालं ते थांबेना. त्यांनी शिट्टी काढून हातात धरली. एका वळणावर धुक्यातून अचानक सहा मुलं-मुली निघाली, रस्त्याच्या मधोमध छत्र्या उघडून फोटो काढत होती. दुसऱ्या वळणावर म्हशी होत्या. त्या फोटो काढत नव्हत्या, एवढाच फरक. बाजूला व्हायला दोन्हीकडचं कुणीच तयार नव्हतं.

"साहेब, तितं सभा कशाची चाललीया?" कोंडाजींनी विचारलं.

"संकट आलं तर काय करायचं, त्याची."

"आसं व्हय. मग लायटी गेल्या तवा काय केलं?"

"समिती नेमली."

कोंडाजींनी नुसता गिअर बदलला. माणूस अदबीचा होता.

तिकोणा पेठेला पोचले तेव्हा गावामागचा तिकोणा किल्ला ढगात होता आणि खाली खाचरांत माणसं ओळीनं वाकलेली होती. कोंडाजींनी लांबूनच हौशीराम दाखवला, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेतलेला. माधवराव बांधावर उभे राहून ओरडले, "हौशीराम! किल्ली!" पावसात ऐकू कुठलं जायला? मग त्यांनी एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी असे बांधावरून चालायला सुरुवात केली. बांध तळेगावच्या फुटपाथइतका रुंद नव्हता, आणि माधवरावांना तळेगावच्या फुटपाथवरसुद्धा फारसं चालता येत नसे.

ते पडले तेव्हा आधी छत्री गेली, मग पिशवी, मग ते स्वतः. छातीपर्यंत चिखल.

"आरं कोन पडलं बगा!" ओळीच्या टोकाची म्हातारी ओरडली. ती हौशीरामची आई, कस्तुराबाई. माधवरावांना या काळजीनं बरं वाटलं. पण वाक्य पुरं व्हायचं होतं. "रोपं तुडावतोय मेला! आवो, हलू नगा! हाय तितंच ऱ्हावा!"

ते तिथंच राहिले. हौशीरामनं येऊन त्यांना उभं केलं आणि कुठून आले ते विचारलं. माधवरावांनी चिखल थुंकत, शक्य तितक्या प्रतिष्ठेनं, सगळी हकीगत सांगितली. परिषद, अंधार, मॅनेजर, कुलूप.

"किल्ली?" हौशीराम डोकं खाजवायला लागला. "आवो, ती शिमग्याच्या आदीच गेली. पवनेत मासं धराय गेलतो, तितं पडली पान्यात."

"मग तू जनरेटर चालू कसा करतोस?"

"कुलूप वढायचं."

"म्हणजे?"

"त्ये लागतच न्हाई. नुसतं अडकिवल्यालं असतंय. हिसका दिला की निगतं."

"पण रजिस्टर असेल ना? किल्ली जवळ आहे, कुलूप लावलं, अशी रोज सही करत असशील?"

"रकाना हाय तितं," हौशीराम समजावणीच्या सुरात म्हणाला. "रकाना मोकळा ऱ्हायला की साहेब वराडतो."

माधवरावांचा फोन चिखलात पडून मरण पावला होता. म्हणून कोंडाजींचा बटणांचा फोन घेऊन ते टेकाडावरच्या मारुतीपाशी गेले. तिथं रेंज येते असा गावाचा अनुभव होता.

"प्रज्ञेश, कुलूप ओढा! नुसतं ओढा, उघडतं."

पलीकडून प्रज्ञेश म्हणाले, "सर, मी ओढलं आणि उघडलं, तर कुलूप मी तोडलं असं होईल. तुम्ही हौशीरामकडून लेखी आणा."

माधवरावांना खरं तर रागवायचं होतं. पण स्टोअरमध्ये एकतीस वर्षं त्यांनी स्वतः चिठ्ठीशिवाय कुणाला खिळा दिलेला नव्हता. ते "बरं" म्हणाले.

लेखी मिळणंही सोपं नव्हतं. कस्तुराबाईंनी पोराला हात धुवायची परवानगी नाकारली. आवणीला आलेली माणसं दुपारनंतर दुसऱ्याच्या खाचरात जाणार होती. त्याआधी हे खाचर उरकायला हवं होतं. "चिठ्ठ्या मागनं लिव्हा," त्या म्हणाल्या. "आन तुमी नुसतं हुबं ऱ्हाऊन काय करताय? भरलाच हायसा, तर मुठी तरी द्या."

मग लघुउद्योगातील सज्जतेवर बोलायला निघालेले माधवराव शाळिग्राम गुडघाभर चिखलात उभे राहून रोपांच्या जुड्या पुढच्या माणसाच्या हातात देऊ लागले. पहिल्या दहा मिनिटांत कंबर गेली. विसाव्या मिनिटाला त्यांनी मुठी मोजायला सुरुवात केली. तिसाव्या मिनिटाला, कुणाला कुठे किती लागणार आणि मूठ आधीच कुठे टाकून ठेवायची, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ओळ भराभर पुढे सरकू लागली. मागणारा हात आणि देणारा हात, हे तर त्यांचंच काम होतं. मधेच कुणीतरी गाणं धरलं. माधवरावांना बारा दहा झालेले कळले नाहीत, बारा वीसही कळले नाहीत.

"हात बरा हाय तुमचा," खाचर संपल्यावर कस्तुराबाई म्हणाल्या. "नोकरी सुटली तर या हिकडं."

आता मुख्य अडचण माधवरावांच्या कपड्यांची होती. पन्हळीखाली अंग धुऊन झालं, पण कपडे ओळखू येत नव्हते. छापील प्रतीचा लगदा झाला होता. एक शेवटचं पान तेवढं छत्रीच्या चित्रासकट वाचलं होतं. त्याच्या पाठीवर हौशीरामनं जपून लिहिलं, 'कुलूप वडले की उगडते. हौशीराम.' कपड्यांवरही त्यानंच तोड काढली. त्याचा रिसॉर्टचा जादा गणवेश घरी होता. निळी पँट, निळा शर्ट, खिशावर पिवळ्या दोऱ्यानं शिवलेलं 'हौशीराम', खाली 'मेंटेनन्स'. कस्तुराबाईंनी माधवरावांची पँट धुवायला घेतली. "रविवारी न्या," म्हणाल्या. भाकरी आणि वाटाण्याची उसळ खाऊन माधवराव आणि कोंडाजी निघाले.

खिंडीत माधवरावांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. सेफ्टीपिन नव्हती.

"थांबा!" ते ओरडले. पेन ड्राईव्ह पँटमध्ये होता आणि पँट कस्तुराबाईंच्या धोपाटण्याखाली.

"मागं फिरवू?" कोंडाजींनी विचारलं.

दोन वाजून गेले होते. माधवरावांनी त्या एकुलत्या एका वायपरकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले.

रिसॉर्टच्या व्हरांड्यात परिषद मरगळून बसली होती. समितीचे दोन्ही तट वेगवेगळ्या कोपऱ्यांत होते. जेवण थंडच वाढलं गेलं होतं. माधवराव पायऱ्या चढताच एक कोटवाले गृहस्थ म्हणाले, "अरे, किती वेळ! आणि आधी टॉयलेटचं बघ, पाणी नाहीये." सकाळी याच गृहस्थांनी त्यांना "ग्लॅड टू मीट यू" म्हटलं होतं. माधवरावांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ते पाहणं फुकट गेलं.

प्रज्ञेश यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, तिच्यावर तारीख घातली, फाईलला लावली आणि मग सगळे मिळून जनरेटरच्या खोलीशी गेले. त्यांनी कुलपाला हात घातला, डोळे मिटले आणि ओढलं. कुलूप अंबाड्यातून आकडा निघावा तसं निघालं. प्रज्ञेश त्या कुलपाकडे असे बघत होते, जणू त्यानं त्यांना फसवून वर नमस्कारही केला होता.

जनरेटर धडधडला. दिवे आले. सभागृहात टाळ्यांचा गजर झाला आणि कोमल मॅडम माईकवर म्हणाल्या, "थँक्यू, हौशीराम!"

"मी शाळिग्राम," माधवराव दारातून म्हणाले. "आणि माझी दहा मिनिटं राहिलीत."

कोमल मॅडमनी शर्टाकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा शर्टाकडे पाहिलं आणि पुढे होऊन स्वतः माईक त्यांच्या हातात दिला. पडद्यावर पुन्हा तो पेटलेला दिवा आला होता. माधवरावांकडे ना स्लाईड होत्या ना कागद. "सन्माननीय व्यासपीठ," एवढं म्हणून ते अडकले. शंभर चेहरे वाट बघत होते आणि चहा येण्याचं चिन्ह नव्हतं.

मग त्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी जे झालं ते सांगितलं. खोलीतली दुसरी किल्ली, चौकटीतला नियम, पवनेतला मासा, रकाना. प्रज्ञेश मागे उभे आहेत हे बघून त्यांचा भाग थोडक्यात आटपला. "मला हौशीरामवर हसता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "मीसुद्धा रकाने भरणारा माणूस आहे. वर्षानुवर्षं आपण कुलूप बघतो आणि म्हणतो, ठीक आहे. ओढून कुणी बघत नाही. एवढंच."

चार मिनिटं झाली होती. हशा खूप झाला, पण शेवटी झाला नाही. पहिल्या रांगेतल्या एकानं हात वर केला. "तुम्ही कोणती मेथडॉलॉजी वापरली?"

"ओढलं," माधवराव म्हणाले.

चहाच्या वेळी सहा-सात जण व्हरांड्याच्या कठड्याशी फोनवर बोलताना दिसले. हळू आवाजात आणि जरा ओशाळून. "हो, आत्ताच. जा आणि स्वतः ओढून बघ. मग मला सांग." ते ऐकताना माधवराव तीन कप चहा प्यायले.

प्रमाणपत्रं वीज आल्यावर घाईघाईनं छापली गेली. माधवरावांचं नाव लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं नाही, शर्टावर पाहून लिहिलं. तळेगावला उतरल्यावर त्यांनी ते उघडलं. 'श्री. हौशीराम मेंटेनन्स यांनी परिषदेत सक्रिय सहभाग घेतला.'

दार उघडल्यावर प्रमोदिनीबाई नवऱ्याकडे पायापासून वरपर्यंत बघत राहिल्या. "अहो, तुमची पँट कुठाय?"

"तिकोणा पेठेला."

"आणि परिषद?"

"लोणावळ्याला."

"हौशीराम कोण?"

"सांगतो," माधवराव म्हणाले, "आधी कंबरेला तेल लाव." आणि तेल लावताना सांगू लागले ते जेवण होईपर्यंत सांगत होते. मधे चारदा प्रमोदिनीबाईंना हसून उचकी लागली. अमृतराव आवाज ऐकून आले, तेही ऐकत बसले आणि पेन ड्राईव्हचं कळल्यावर गंभीर होऊन म्हणाले, "आमच्या डेपोत..." पण पुढचं बोलले नाहीत.

सोमवारी श्रीयश यांनी प्रमाणपत्र वाचलं. "काका, हे हौशीराम मेंटेनन्स कोण?"

"जरा मोठी गोष्ट आहे, साहेब."

"मग राहू दे," म्हणून त्यांनी ते स्कॅन करून गिऱ्हाइकाला पाठवलं. तासाभरात उत्तर आलं. समाधान झाल्याचं कळवलं होतं.

माधवरावांचं मात्र समाधान झालं नव्हतं. दुपारी ते स्टोअरच्या मागच्या टोकाला गेले. तिथे आपत्कालीन दार होतं. शेजारी खिळ्याला तपासणीचं कार्ड. दर महिन्याला एक सही, पुढे शेरा, 'सुस्थितीत'. एकतीस वर्षांच्या तीनशे बहात्तर सह्या, सगळ्या माधवरावांच्या. दाराला त्यांनी आजवर हात लावलेला नव्हता.

त्यांनी दाराचा दांडा दाबून ढकलून पाहिलं. दार हललं नाही. खांदा लावला. नाही. मग चार पावलं मागे जाऊन, चष्मा काढून ठेवून, ते धावत आले. दार उघडलं आणि माधवराव उघड्यावर जाऊन पडले, त्यांच्यामागून ढासळलेल्या गवऱ्यांचा ढीग.

"आगं बया! भितीतनं मानूस आला!" शेजारच्या वस्तीवरच्या अंबूबाई शेणाच्या हातांनी उभ्या होत्या. पलीकडे खुंट्याला एक म्हैस, मान खाली घालून फुसफुसत होती.

"दार आहे हे, मावशी," माधवराव उठून बसत म्हणाले.

"दार? आन मी धा वरसं ह्याच्यावर गवऱ्या थापती!" अंबूबाईंनी जवळ येऊन दार निरखून पाहिलं. "कशापाई केलंय?"

"आत आग लागली तर सगळ्यांनी इथून बाहेर यायचं."

"सगळी म्हंजे किती?"

"ऐंशी."

अंबूबाईंनी म्हशीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माधवरावांकडे. "येताना आदी हाळी द्या," त्या म्हणाल्या. "लय मारकी हाय."

माधवराव अंग झाडून आत आले. चष्मा लावला, कार्ड खिळ्यावरून काढलं आणि त्या महिन्याच्या रकान्यात पहिल्यांदाच विचार करून शेरा लिहिला.

'दार उघडते. म्हैस मारकी आहे.'